अँटीव्हायरसची वाढती मेमरी : भूक कुठली आणि गळती कुठली?

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे : अँटीव्हायरस दिवसेंदिवस जास्त मेमरी घेतोय आणि मशीन जड झालंय. तक्रार एक असली तरी त्यामागची कारणं निरनिराळी निघतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्न वेगळा घेतला आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, विंडोज ११ आहे, वेगळा अँटीव्हायरस घातलेला नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' ही प्रोसेस सकाळी १८० एमबी दाखवते, दुपारी ३००, कधीकधी ६००च्याही वर जाते. दोन वर्षांपूर्वी हा आकडा सव्वाशेच्या पुढे जात नव्हता. हा मेमरी लीक आहे का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : नुसत्या या आकड्यांवरून गळती म्हणता येणार नाही. ही प्रोसेस म्हणजे विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. त्याची मेमरी तीन कारणांनी वाढते, आणि त्यातलं फक्त तिसरं कारण हा दोष आहे.

पहिलं कारण डेफिनिशनचं. फाइलमध्ये काय आढळलं तर ती घातक समजायची, याची यादी डिस्कवर दाबून ठेवलेली असते. इंजिन सुरू झालं की ती उलगडून मेमरीत येते, कारण तुम्ही उघडाल ती प्रत्येक फाइल त्या यादीशी क्षणार्धात ताडून पाहायची असते. दर वेळी डिस्कवरून यादी वाचत बसलं तर एक्सेलची साधी फाइल उघडतानाही ताटकळावं लागेल. ही यादी दिवसातून अनेकदा बदलते, इंजिनही साधारण महिन्याला नवं येतं. नवे व्हायरस येत राहतात आणि जुन्यांपैकी बरेचसे अजून फिरत असतात, त्यामुळे यादी वाढतच जाते. दोन वर्षांत तुमचा सकाळचा आकडा सव्वाशेवरून १८० वर जाणं हे त्यातलंच. त्यावर इलाज नाही आणि इलाजाची गरजही नाही.

दुसरं कारण प्रत्यक्ष तपासणीचं. झिप, आयएसओ किंवा इन्स्टॉलर तपासायचा तर तो आतून उघडावा लागतो, आणि झिपच्या आत झिप असेल तर तीही. शंकास्पद प्रोग्राम असेल तर इंजिन तो स्वतःच्या बंदिस्त जागेत थोडासा चालवून पाहतं. या सगळ्याला तेवढ्यापुरती मेमरी लागते. तुम्ही जेवायला उठलात आणि लॅपटॉप रिकामा बसला की विंडोज देखभालीची कामं काढतं, त्यात नेमून दिलेलं स्कॅनही असतं. दुपारचे तुमचे ६०० एमबी बहुधा तिथले आहेत. स्कॅन संपल्यावर आकडा खाली यायला पाऊण-एक तास लागला तरी काळजी करू नका.

तिसरं कारण म्हणजे खरी गळती : घेतलेली मेमरी प्रोग्राम परत द्यायला विसरतो. ती ओळखायची रीत अशी.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिटेल्स' मध्ये जा. रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' घ्या. तिथे 'कमिट साइज' आणि 'हँडल्स' (प्रोग्रामने उघडून ठेवलेल्या फाइली वगैरेंची संख्या) हे दोन रकाने जोडा. नेहमी दिसणारा मेमरीचा रकाना फक्त रॅममध्ये आत्ता बसलेला भाग दाखवतो. रॅम कमी पडू लागली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवरच्या राखीव जागेत, म्हणजे पेजफाइलमध्ये, हलवतं आणि आकडा आपोआप उतरतो. गळती चालूच असते, दिसेनाशी होते एवढंच. कमिट साइजमध्ये रॅम आणि पेजफाइल दोन्हीकडचा हिशोब असतो, म्हणून तिथे लपवाछपवी होत नाही.

आता एक गोष्ट आवर्जून पाहा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात सीपीयूवर क्लिक केलं की खाली 'अप टाइम' दिसतो. तुम्ही रोज रात्री मशीन बंद करत असाल तरी तिथे २० किंवा ३० दिवस दिसू शकतात. याचं कारण 'फास्ट स्टार्टअप'. शटडाउन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, ड्रायव्हर आणि पार्श्वभूमीतल्या सर्व्हिसेस जशाच्या तशा डिस्कवर उतरवून ठेवल्या जातात आणि सकाळी तिथूनच उचलल्या जातात. म्हणजे गळती झालेली मेमरीही सकाळी परत हजर. 'रीस्टार्ट' मध्ये मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून चढतं. मोजमाप सुरू करण्याआधी एकदा शटडाउन न करता रीस्टार्टच करा.

मग विंडोज-आर दाबून परफमॉन हे विंडोजचं मोजमापाचं साधन सुरू करा. 'डेटा कलेक्टर सेट्स' खाली 'यूजर डिफाइन्ड' वर उजवी क्लिक करून नवा संच करा, 'क्रिएट मॅन्युअली' निवडा आणि परफॉर्मन्स काउंटर घ्या. 'प्रोसेस' या गटातून डिफेंडरच्या प्रोसेसचे 'प्रायव्हेट बाइट्स' (कमिट साइजचंच इथलं नाव) आणि 'हँडल काउंट' जोडा. डिफेंडरचं नाव तिथे एम-एस-एम-पी-ई-एन-जी असं दिसेल. मोजणीचं अंतर ३०० सेकंद ठेवा, संच सुरू करा, आणि तीन-चार दिवस नेहमीचं काम करत राहा. मधे रीस्टार्ट झालं तर मोजणी थांबते, ती पुन्हा सुरू करावी लागते.

आलेख बघताना वरची टोकं पाहू नका, तळ पाहा. टोकं स्कॅनची असतात. रोजचा सगळ्यात खालचा आकडा २०० च्या आसपास टिकून असेल तर ती भूक आहे. तळच पहिल्या दिवशी २००, दुसऱ्या दिवशी ३५०, तिसऱ्या दिवशी ५०० असा चढत गेला आणि हँडलही त्याच चालीने वाढले, तर ती गळती आहे. तशी निघाली तर 'विंडोज सिक्युरिटी' च्या सेटिंग्जमधल्या 'अबाउट' वर क्लायंट आणि इंजिनची आवृत्ती टिपून घ्या, विंडोज अपडेट चालवा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा मोजा. अशा चुका बहुतांशी पुढच्या इंजिनात दुरुस्त होतात. तरी राहिली तर विंडोज-एफ दाबून फीडबॅक हबमधून आलेखासकट कळवा.

प्रश्न : हीच प्रोसेस 'एंड टास्क' करायला गेलं की 'अॅक्सेस डिनाइड' येतं. एका व्हिडिओत रजिस्ट्रीत 'डिसेबल-अँटीस्पायवेअर' ची किंमत १ करायला सांगितलं आहे. दुसऱ्यात पॉवरशेलमधून सीपीयूची मर्यादा कमी करायला सांगतात. कोणतं करू?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दोन्ही नको. प्रोसेस बंद होत नाही, कारण ती विंडोजने संरक्षित ठेवलेली आहे. तुम्हाला ती सहज बंद करता आली असती तर व्हायरसलाही आली असती. रजिस्ट्रीतली ती नोंद घरगुती आणि साध्या ऑफिसच्या मशीनवर ऑगस्ट २०२० पासून, म्हणजे ४.१८.२००७.८ या आवृत्तीपासून, डिफेंडर मोजतच नाही. ते व्हिडिओ त्याआधीच्या काळातले आहेत.

सीपीयूच्या मर्यादेचा मेमरीशी संबंध नाही. ती मुळात ५० टक्के असते आणि नेमलेल्या स्कॅनने सरासरी किती प्रोसेसर वापरावा एवढंच सांगते. ती १० वर आणली तर स्कॅन लांबतं, आणि स्कॅनसाठी घेतलेली मेमरी तेवढा जास्त वेळ अडकून राहते. त्यापेक्षा स्कॅनची वेळ बदला. 'टास्क शेड्यूलर' उघडा. त्याच्या लायब्ररीत मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग विंडोज डिफेंडर असं आत गेलं की 'विंडोज डिफेंडर शेड्यूल्ड स्कॅन' हे काम दिसेल. त्याच्या 'ट्रिगर्स' मध्ये आठवड्यातली तुमची मोकळी वेळ घाला आणि 'कंडिशन्स' मध्ये चार्जर जोडलेला असतानाच चालावं, ही खूण करा.

प्रश्न : मशीनला १६ जीबी रॅम आहे. सकाळी ४ जीबी वापरात असते, संध्याकाळपर्यंत १३ जीबी होते. पण टास्क मॅनेजरमधल्या सगळ्या प्रोसेसची बेरीज ५ जीबीच्या वर जात नाही, आणि विकतच्या अँटीव्हायरसची प्रोसेस तर १५० एमबीच दाखवते. उरलेली मेमरी जाते कुठे?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचं हे लक्षण आधीच्या दोघांच्या तक्रारींपेक्षा गंभीर आहे, आणि तुम्ही केलेली बेरीज हाच त्यातला कळीचा पुरावा आहे.

अँटीव्हायरसचे दोन भाग असतात. एक सर्व्हिस, जी प्रोसेसच्या यादीत दिसते. दुसरा ड्रायव्हर, जो विंडोजच्या गाभ्यात फाइल उघडण्याच्या वाटेवर आणि नेटवर्कच्या वाटेवर बसलेला असतो. ड्रायव्हरने घेतलेली मेमरी कुठल्याही प्रोसेसच्या नावावर चढत नाही. 'परफॉर्मन्स' मध्ये मेमरीवर क्लिक करा आणि खालच्या बाजूला 'नॉन-पेज्ड पूल' शोधा. ही मेमरी पेजफाइलमध्ये हलवता येत नाही, रॅममध्येच ठेवावी लागते. ऑफिसच्या साध्या मशीनवर ती काहीशे एमबी असते. तुमच्याकडे ती काही जीबींत असेल आणि दिवसभर चढत असेल, तर कुठला तरी ड्रायव्हर गळतोय हे पक्कं.

तो अँटीव्हायरसचाच असेल असं मात्र धरून चालू नका. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही अशा गळतीचा नेहमीचा मानकरी आहे, आणि अँटीव्हायरसचा वेब तपासणारा भाग नेमका त्याला लागूनच बसतो. दोघांतला कोण, हे मोजूनच ठरवावं लागतं.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ड्रायव्हर किटमध्ये पूलमॉन नावाचं छोटं साधन मिळतं. ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. 'पी' ही कळ दाबत राहिलं की फक्त नॉन-पेज्डच्या ओळी उरतात, आणि 'बी' दाबलं की सगळ्यात जास्त मेमरी घेणारा वर येतो. प्रत्येक ओळीला चार अक्षरांची एक खूण असते. ड्रायव्हर लिहिणारा मेमरी मागताना ही खूण देतो. वरच्या तीन-चार ओळींचे आकडे सकाळी आणि दुपारी लिहून घ्या. जी खूण वाढत गेलेली असेल ती सिस्टम-३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात 'फाइंडस्ट्र' या आज्ञेने शोधा. ज्या ड्रायव्हर-फाइलमध्ये ती सापडेल तिच्या 'प्रॉपर्टीज' मधल्या 'डिटेल्स' वर कंपनीचं नाव असतं. खुणेतली लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी टाइप करा, नाहीतर काहीच सापडणार नाही. एकाच खुणेचे दोन-तीन ड्रायव्हरही निघू शकतात. अशा वेळी एकेक अपडेट करून पुन्हा मोजायचं.

इथे एक चूक हमखास होते. अँटीव्हायरसच्या चिन्हावर उजवी क्लिक करून संरक्षण तासभर थांबवतात, मेमरी उतरत नाही, आणि अँटीव्हायरस निर्दोष ठरतो. संरक्षण थांबवल्याने ड्रायव्हर उतरत नाही, तो नुसता तपासायचं थांबतो. गळलेली मेमरी गाभ्यातच राहते. खरी परीक्षा घ्यायची तर अँटीव्हायरस पूर्ण काढा, रीस्टार्ट करा आणि दोन दिवस डिफेंडरवर काम करा. पूल चढायचा थांबला तर दोष अँटीव्हायरसचा होता हे कळलं. तेवढ्यासाठी परवाना वाया जात नाही. की आणि नोंदणीचा ईमेल हाताशी ठेवा म्हणजे झालं.

नॉन-पेज्ड पूल साधाच निघाला तर मायक्रोसॉफ्टचं 'रॅममॅप' चालवून 'ड्रायव्हर लॉक्ड' ची ओळ पाहा. ती मोठी असेल तर बहुधा मशीनवर कुठलं तरी व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालू आहे, आणि अँटीव्हायरसचा त्यात सहसा संबंध नसतो.

गाभ्यातल्या ड्रायव्हरच्या चुकीने काय होऊ शकतं हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. तिथे चूक मेमरीच्या चुकीच्या जागी वाचण्याची होती, गळतीची नव्हती. पण जागा तीच. म्हणून पूल चढताना दिसला तर 'रोज रीस्टार्ट करून भागवू' असं करू नका, कारण शोधा.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर कंपनीने दिलेला चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस होता, मुदत संपली. मग आम्ही दुकानातून दुसरा घेऊन टाकला. आता टास्क मॅनेजरमध्ये तिघांच्या प्रोसेस दिसतात : जुन्याच्या, नव्याच्या आणि डिफेंडरच्याही. तिघं मिळून जवळजवळ १ जीबी. चालेल का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. एक फाइल उघडली की दोघांचे ड्रायव्हर तपासायला धावतात, आणि एकाने तपासणीसाठी उघडलेली फाइल दुसरा पुन्हा तपासतो. मेमरी दुप्पट जाते हा त्यातला छोटा तोटा. मशीन गोठणं आणि एकमेकांच्या फाइली क्वारंटाइनमध्ये टाकणं हे मोठे.

डिफेंडर समजूतदार आहे. दुसरा अँटीव्हायरस नोंदला गेला की तो स्वतः बाजूला होतो. तरी तो दिसतोय याचा अर्थ बहुधा 'पीरिऑडिक स्कॅनिंग' चालू आहे. विंडोज सिक्युरिटीच्या 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' पानावर 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटीव्हायरस ऑप्शन्स' खाली ते बंद करता येतं.

मुदत संपलेला आधी काढा. सेटिंग्जच्या 'अॅप्स' मधून अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट. पुढे त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरचं काढून टाकायचं खास साधन उतरवून चालवा आणि पुन्हा रीस्टार्ट. आता खात्री करून घ्या : अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं टाइप करून एंटर दाबा. फाइलींच्या वाटेवर बसलेल्या ड्रायव्हरांची यादी येते. तिसऱ्या रकान्यातला 'अल्टिट्यूड', म्हणजे त्या वाटेवरचा ड्रायव्हरचा क्रमांक, पाहा. ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरससाठी राखून ठेवला आहे. ३२८०१० हा आकडा डिफेंडरचा. त्याखेरीज या पट्ट्यात तुमच्या नव्या अँटीव्हायरसचा ड्रायव्हर दिसला पाहिजे. काढलेल्या कंपनीचा ड्रायव्हर अजून तिथे असेल तर तो अँटीव्हायरस पूर्ण निघालेला नाही.

दुसरं म्हणजे, पुण्याच्या क्विक हीलसह बहुतेक कंपन्यांच्या 'टोटल सिक्युरिटी' नावाच्या पेटीत नुसता अँटीव्हायरस नसतो. सफाईचं साधन, पालकांचं नियंत्रण, सुरक्षित ब्राउझर, कुठे व्हीपीएन, असं बरंच काही येतं, आणि त्यातल्या पुष्कळांची स्वतंत्र सर्व्हिस मेमरीत बसते. वापरत नसाल ते घटक सेटिंगमधून बंद करा. फाइलींचं थेट संरक्षण, ईमेल-तपासणी आणि वेब-संरक्षण मात्र चालू राहू द्या.

प्रश्न : ऑफिसात टॅली चालतं. महिनाअखेरीस मशीन फार मंद होतं. दुरुस्तीवाल्याने अँटीव्हायरसमध्ये पूर्ण 'डी' ड्राइव्ह वगळायला सांगितलं, म्हणजे मेमरी वाचेल म्हणे.
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : फाइली वगळल्याने प्रोसेसर आणि डिस्कवरचा ताण कमी होतो, मेमरी फारशी वाचत नाही. डेफिनिशनची यादी एक फाइल तपासायची असली तरी तेवढीच लागते आणि एक लाख असल्या तरी तेवढीच.

मंदपणावर उपाय म्हणून टॅलीचं डेटा फोल्डर वगळणं रास्त आहे, कारण तिथे त्याच त्या फाइली सतत लिहिल्या जातात आणि दर वेळी तपासल्या जातात. पण फक्त तेवढंच फोल्डर. पूर्ण 'डी' वगळलात तर पेनड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सअॅपवरून उतरवलेली फाइल तिथे पडली की तिला कुणीच पाहणार नाही. डिफेंडरमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', मग अगदी तळाशी 'एक्सक्लूजन्स', आणि 'फोल्डर' निवडा. 'प्रोसेस' निवडण्याआधी एक लक्षात घ्या : तिथे नाव घातलेल्या प्रोग्रामने उघडलेल्या फाइली वगळल्या जातात, तो प्रोग्राम स्वतः नाही. एक्सेल किंवा ब्राउझर तिथे घालणं म्हणजे दार सताड उघडं टाकणं.

वगळलेलं फोल्डर बरोबर निवडलं की नाही हे आयकार चाचणी फाइलने तपासा. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे, अँटीव्हायरस तपासण्यासाठीच बनवलेली. ती डेस्कटॉपवर सेव्ह केली की लगेच पकडली गेली पाहिजे, आणि वगळलेल्या फोल्डरात पकडली जाता कामा नये. चाचणी झाली की पुसून टाका. वगळलेल्या फोल्डरावर पहारा नसतो, त्यामुळे त्याचा रोजचा बॅकअप अशा बाहेरच्या डिस्कवर घ्या जी बॅकअप संपल्यावर काढून ठेवली जाते. रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही सोडत नाही.

नेमकं काय मंद करतंय हे पाहायचं असेल तर डिफेंडरचं स्वतःचं मोजमाप आहे. अॅडमिनिस्ट्रेटर पॉवरशेलमध्ये 'न्यू-एमपीपरफॉर्मन्सरेकॉर्डिंग' ही आज्ञा 'रेकॉर्डटू' या पर्यायासह आणि एका फाइलच्या नावाने चालवा. हायफन पहिल्या शब्दानंतर एकच आहे. सुरुवातीची अक्षरं टाइप करून टॅब दाबली की बाकीची आपोआप येतात. टॅलीत दहा मिनिटं नेहमीचं काम करा आणि एंटर दाबून नोंद थांबवा. मग 'गेट-एमपीपरफॉर्मन्सरिपोर्ट' ला 'टॉपफाइल्स' १० दिलं की तपासायला सगळ्यात जास्त वेळ घेतलेल्या दहा फाइली समोर येतात. त्यांत टॅलीच्या नसतीलच तर काहीही वगळू नका.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मेल सर्व्हरवर उबुंटू आणि क्लॅमएव्ही आहे, रॅम २ जीबी. पूर्वी सुरळीत चाललं. आता दिवसातून एकदा तरी क्लॅमडी मरतो आणि मेल रांगेत अडकतात. लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' येतं.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : इथे गळती नाही, जागाच पुरत नाही. क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसची सतत चालू राहणारी सर्व्हिस, आपली संपूर्ण यादी मेमरीत ठेवतो. त्यालाच आज १ जीबीहून जास्त लागते. क्लॅमएव्हीच्या सूचनांमध्ये लिनक्ससाठी किमान ३ जीबी रॅम सांगितलेली आहे.

रोज एकदाच का मरतो, याचं उत्तर अपडेटमध्ये आहे. फ्रेशक्लॅमने (क्लॅमएव्हीचं यादी उतरवणारं साधन) नवी यादी आणली की २०२० च्या ०.१०३ आवृत्तीपासून क्लॅमडी जुनी यादी तशीच ठेवून नवी बाजूला चढवतो. तपासणी क्षणभरही थांबू नये हा त्यामागचा हेतू. पण तेवढा वेळ मेमरीत दोन याद्या असतात, २ जीबीत त्या मावत नाहीत, आणि लिनक्सचा गाभा सगळ्यात मोठी प्रोसेस मारतो. अपडेटची वेळ आणि मरण्याची वेळ लॉगमध्ये शेजारी ठेवून पाहा, जुळेल.

क्लॅमडीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'कन्करंट-डेटाबेस-रीलोड' ची किंमत 'नो' करा (फाइलमध्ये हे नाव सलग लिहिलेलं असतं, हायफनशिवाय) आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. आता जुनी यादी आधी सोडली जाईल, मग नवी चढेल. तेवढा वेळ तपासणी थांबेल आणि मेल थोडे उशिरा जातील, हरवणार नाहीत. तुमच्या मेल-फिल्टरची वाट पाहण्याची मर्यादा मात्र त्याहून मोठी ठेवा. फ्रेशक्लॅमही नवी यादी वापरात आणण्यापूर्वी ती चढवून तपासून पाहतो, त्यालाही मेमरी लागते. ती तपासणी बंद करू नका, तिच्यासाठी २ जीबीची स्वॅप फाइल (लिनक्समधली पेजफाइल) जोडा.

शिवाय क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) रात्रीचं 'क्लॅमस्कॅन' लावलेलं आहे का पाहा. ते क्लॅमडीची यादी वापरत नाही, दर वेळी आपली स्वतंत्र प्रत चढवतं. त्याऐवजी 'क्लॅमडीस्कॅन' लावा. बाहेरच्या जादा याद्या जोडल्या असतील तर लागतील तेवढ्याच ठेवा.

'मॅक्स-फाइल-साइज' आणि 'मॅक्स-स्कॅन-साइज' कमी करूनही थोडी मेमरी वाचते, पण मर्यादेहून मोठी फाइल न तपासताच 'ठीक' म्हणून पुढे जाते, हे ठाऊक असू द्या. रॅम ४ जीबी करणं शक्य असेल तर या सगळ्याआधी तेच करा.

प्रश्न : 'रॅम क्लीनर' वापरल्यावर अँटीव्हायरसची मेमरी ३०० वरून थेट २० एमबीवर येते. हा उपाय कायमचा का नाही?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : कारण तो उपायच नाही. ही साधनं प्रोसेसची पानं रॅमबाहेर ढकलायला विंडोजला भाग पाडतात. अँटीव्हायरसला ती पानं पुढच्याच फाइलला परत लागतात आणि त्यातली बरीचशी डिस्कवरून वाचून आणावी लागतात. आकडा उतरतो, कमिट साइज तिथेच राहते, मशीन मंद होतं. काढून टाका.

प्रश्न : २०१६ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. हलका अँटीव्हायरस कोणता घेऊ?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वेगळा घेऊ नका, डिफेंडर राहू द्या. ४ जीबीत विंडोज आणि ब्राउझरची चार पानं उघडली की रॅम संपते. अँटीव्हायरस बदलून शे-दीडशे एमबी वाचले तरी फरक जाणवणार नाही. खरी अडचण पुढे येते : रॅम संपली की पेजफाइल वापरली जाते, ती फिरत्या हार्ड डिस्कवर आहे, आणि त्याच डिस्कवर अँटीव्हायरसही वाचतोय.

आधी एसएसडी बसवा, मग रॅम ८ जीबी करा. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर एसएसडी. रॅम घेण्यापूर्वी टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'स्पीड' पाहा. '१ ऑफ २' असेल तर नुसती एक पट्टी वाढवता येते. डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या पट्ट्या एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात दाखवणं उत्तम. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच झाळलेली असते, तिथे वाढ होत नाही. 'सिस्टम टाइप' मध्ये ३२ बिट दिसलं तर ४ जीबीच्या पुढची रॅम विंडोज वापरूच शकत नाही. आधी ६४ बिटचं विंडोज घालावं लागेल, आणि त्यासाठी डेटा काढून पूर्ण नवं इन्स्टॉलेशन करावं लागतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या डेफिनिशन ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. पण डेफिनिशन विंडोजमधली भोकं बुजवत नाहीत. ती सुरक्षा अपडेटनेच बुजतात. जादा मुदतीच्या सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जच्या विंडोज अपडेट पानावर नोंदणीचा दुवा दिसतो.